पावणेदोनाचे दोन

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी माझी उंची वाढायला लागली, आणि ती बघायला लातुरातली अर्धी गल्ली अक्काच्या घरी येऊन गेली.

खरं तर उंची वाढणार नव्हती. वाढणार होता फक्त डावा पाय, तोही गुडघ्याखाली, साडेचार सेंटिमीटर. उजव्याची बरोबरी करण्यापुरता. पण हा फरक लोकांना समजावण्यात अर्थ नसतो. शेजारच्या उमाबाईंनी पलंगाजवळ खुर्ची ओढली, माझ्या नडगीभोवतीच्या कड्या, हाडातून आरपार गेलेल्या तारा आणि कड्यांना जोडणारे चार उभे रॉड निवांत बघून घेतले, आणि विचारलं, "सर, पोलीस भरतीला बसायलाव का?"

"वयात बसत नाही," मी म्हणालो.

"मंग कशाला एवढा खटाटोप?"

"उमाबाई, चहा घ्या," अक्का आतून म्हणाली. तिच्या बोलण्यात याचा अर्थ चहा घ्या आणि निघा असा होतो.

खटाटोपाचं कारण कंबर होतं. मी सहा वर्षांचा असताना डाव्या नडगीच्या हाडात पू झाला. जीव वाचला, पायही वाचला, पण त्यानंतर डावा पाय उजव्यासोबत वाढायचं विसरला. चाळीसेक वर्षं वाकडं चालून मणके कुरकुरायला लागले. उंच तळाचा बूट वापरून पाहिला, पण आपल्याकडे माणूस निम्मं आयुष्य अनवाणी काढतो: घरात, विहारात, दुसऱ्याच्या ओसरीवर. शेवटी लातूरचे डॉक्टर राजशेखर म्हणाले, "सर, एक तर पाय लांब करू, नाही तर दहा वर्षांनी काठी घ्या." मला काठीचं एवढं नव्हतं. मला एकदा, अनवाणी, दोन्ही पायांवर सारखं उभं राहून बघायचं होतं. ज्यांचे दोन्ही पाय सारखे असतात त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. मलाही ते ऐकीवच होतं.

या शस्त्रक्रियेची रीत अशी की हाड आधी मुद्दाम तोडायचं, आणि मग त्याचे दोन तुकडे हळूहळू एकमेकांपासून दूर न्यायचे. मधल्या फटीत शरीर आपण होऊन नवं हाड भरत जातं. दूर न्यायचं काम रॉडवरचे नट करतात. दिवसातून चारदा, दहा नंबरच्या पान्यानं, प्रत्येक नट पाव फेरा. चार पाव फेऱ्यांचा एक मिलिमीटर. नांदेडच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो. खंड वर्षाला दोन-चार सेंटिमीटर सरकतात असं सांगताना माझी मुलं जांभया देतात. त्या मानानं माझी नडगी म्हणजे एक्स्प्रेस गाडी होती.

"जास्त फिरवलं तर फट भरत नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "कमी फिरवलं तर हाड मधेच जुळून बसतं. मग पुन्हा तोडावं लागतं. तेव्हा पाना एकाच माणसाच्या हातात राहू द्या."

हे ऐकताना अक्का मान तिरकी करून उभी होती. ती कपडे शिवते, आणि गिऱ्हाईक माप सांगतं तेव्हा अशीच उभी राहते. तिनं पर्समधून रुमाल काढला, पाना त्यात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. माणूस नेमला गेला.

दुसरं कोणी असण्याचा प्रश्नही नव्हता. माझी बायको उज्वला नांदेडला मुख्याध्यापिका. ती शनिवारी एसटीनं यायची आणि रविवारी परत जायची. लोखंड अडकवलेल्या पायानं दर आठवड्याला नांदेडहून लातूरला तपासायला येणं मला शक्य नव्हतं. अक्काचं घर दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर. शिवाय माझ्या पायाचा विषय निघाला की अक्का त्यात असतेच. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आईनं ठेवलेलं तिचं नाव महामाया, पण ते रेशनकार्डापुरतं.

आमचं गाव मुरुडजवळ. शाळा रस्त्यानं अर्ध्या तासावर. रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो, हे इंजिनियरांना पुस्तकात शिकवतात. अक्काला ते माझ्या चालण्यावरून कळलं. डाव्या कडेनं चाललो की आखूड पाय आणखी खड्ड्यात जायचा. उजव्या कडेनं चाललो की डावा पाय उंचावर यायचा आणि मी जवळजवळ सरळ चालायचो. म्हणून ती मला दंड धरून उजव्या कडेला आणायची. परत येतानाही उजवी कड. समोरून येणारे ट्रकवाले खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची चौकशी करत जायचे. वाहतुकीच्या नियमानुसार पायी चालणाऱ्यानं उजव्या बाजूनंच चालायचं असतं, हे मला पुढं कळलं. गावात कायद्यानं चालणारी आम्ही दोघंच होतो.

पोरांनी माझं नाव 'पावणेदोन' ठेवलं होतं. हिशेब बरोबर होता, त्यामुळे रागावण्यासारखं काही नव्हतं. पण एकदा अक्कानं शाळेच्या नळावर दोघांना धरलं आणि विचारलं, "तुमचे दोन-दोन हायत ना? पळून दाखवा." ते पळाले. नळ आम्हाला मोकळा मिळाला.

आठवीत फुलपँट सक्तीची झाली तेव्हा खरी अडचण आली. हाफपँटीत पायाचं काही झाकायचं नसतं. फुलपँटीची डावी मोहरी मात्र पहिल्याच दिवशी टाचेखाली येऊन फाटली. अक्का तेव्हा मुरुडच्या एका शिवणक्लासात काजं-बटणं करायला जायची. तिनं मला स्टुलावर उभं केलं, टेप लावली, डावी मोहरी आतून दुमडून शिवली आणि अशी इस्त्री केली की शिवण दिसू नये. चार दिवसांनी आमचे वडील, दादा, म्हणजे लिंबाजी मुकादम, कुठूनसं जुनं मशीन घेऊन आले. तेव्हापासून आजपर्यंत माझी एकही पँट दुसऱ्या कोणी शिवलेली नाही. लग्नातली पँट तिनं शिवली. मुलाखतीची तिनंच शिवली. जयंतीच्या आधी आख्ख्या वस्तीचे पांढरे कपडे तिच्या मशीनवर पडायचे, पण पहिली पँट माझी व्हायची. मिरवणुकीत पांढऱ्या पँटीची मोहरी धुळीला लागली नाही म्हणजे तिची जयंती झाली. ती मिरवणूक बघायची नाही, माझ्या टाचा बघत चालायची.

लग्नानंतर लातुरात तिनं घरीच शिवणकाम सुरू केलं. भाऊजी गेले, मुलगा पुण्याला गेला, मशीन राहिलं. ते अजून खिडकीपाशी आहे, आणि माझा पलंग त्याच्या शेजारी टाकला होता.

पहिल्या आठवड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नट फिरताना काहीच होत नाही. दुखणं नंतर येतं, थोडं थांबून. हाड पुढं जायला तयार असतं. पोटरी, शिरा, कातडी यांना हा प्रस्ताव मान्य नसतो. त्यात शिल्पा नावाची फिजिओथेरपीची मुलगी एक दिवसाआड यायची आणि "सर, गुडघा सरळ, अजून सरळ" असं गोड आवाजात म्हणत पायावर वजन टाकायची. एवढ्या नम्रपणे माझ्याशी इतकं वाईट कोणी वागलेलं नाही.

नट फिरवायच्या वेळी मी तोंडावर टॉवेल घ्यायचो. मला ते बघवत नसे. अक्कानं लोखंडावर घालायला पांढऱ्या मांजरपाटाचं एक झाकणही शिवलं होतं, बाजूला नाड्या असलेलं. ती नाड्या सोडायची, पान्याचा टक् टक् आवाज यायचा, ती नाड्या बांधायची. मग मी वाट बघायचो. मग दुखायचं.

लोक येत राहिले. हाडासाठी काय खावं यावर लातुरात एकमत आहे. प्रत्येकानं पायाचं सूप सांगितलं. माझ्या एका पायासाठी किती बकऱ्यांनी आपले चारही दिले असतील.

आणि मग, महिन्याभरानं म्हणा, दुखणं कमी झालं.

एकदम नाही. सकाळी कळा यायच्या, पण दुपारनंतर पाय शांत. रात्री झोप लागायला लागली. मला वाटलं, शिरांनी शेवटी माझं ऐकलं. त्याच सुमारास डॉक्टर परदेशात कुठल्याशा परिषदेला गेले होते. त्यांच्या सहायकानं फोनवरच "दुखत नाही ना? मग छान" म्हणून एक्सरे पुढं ढकलला.

"अक्का, तुझ्या हाताला गुण आहे," मी म्हणालो.

तिनं मशीनवरचा दोरा दातानं तोडला.

ते तीन आठवडे माझ्या आठवणीत फार बरे आहेत. दुपारी ऊन खिडकीतून मशीनच्या चाकावर यायचं. अक्का पलंगाच्या कडेला बसून शेंगा सोलायची आणि आम्ही गावाकडच्या गोष्टी काढायचो. दोघांच्या आठवणी जुळत नसत, त्यामुळे विषय पुरायचे.

"ओढ्यात तू पडला होतास," ती म्हणायची.

"तू पडली होतीस. मी काठावर होतो."

"तुला खांद्यावर घेऊन पडले. म्हंजे दोघं पडलो."

"दप्तर माझं भिजलं."

"दप्तर माझ्या डोक्यावर होतं. पुस्तकं कोरडी होती. तू रडत होतास चप्पल गेली म्हणून."

"कोणती चप्पल?"

"डावी. उजवी जपून ठेवलास दोन वर्षं, डावी सापडंल म्हणून."

हे मला आठवत नव्हतं. पण असं काही मी करू शकतो हे पटलं.

ती बोलता बोलता उठायची, पाना आणायची, मी टॉवेल घ्यायचो, टक् टक् व्हायचं, आणि गोष्ट जिथं थांबली तिथून पुढं सुरू व्हायची. मुरुडच्या बाजारातली गुडीशेव, दादांची सायकल, आईनं आम्हाला दोघांना एका घोंगडीत कोंबून लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं ती बैलगाडी. पाय आखूड राहिला म्हणून मला केवढं काय काय मिळालं होतं, याची अशी यादी व्हायला लागली की हा पाय लांब कशाला करतोय, असंही एखाद्या दुपारी वाटून जायचं.

डॉक्टर परतले. एक्सरे काढला. त्यांनी तो काचेवर लावला. मग पेन्सिलचं टोक हाडावरच्या फटीवर ठेवलं. फट कसली, तिथं ढगाळ पांढरं भरत आलं होतं.

"सर, दोन सेंटिमीटरला थांबलंय. तीनच्या पुढं असायला हवं होतं," ते म्हणाले. "आणि रॉडवरचे नटही तेवढेच सरकलेत. हाड जुळायला लागलंय." मग त्यांनी विचारलं, "पाना कोण फिरवतं?"

"मी," अक्का म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडं वळले. मला म्हणाले, "दोन रस्ते आहेत. पुन्हा भूल देऊन हाड मोकळं करायचं आणि पुढं जायचं. किंवा इथंच थांबायचं. अडीच सेंटिमीटरचा फरक राहील. पण या आठवड्यात ठरवा. पुढच्या आठवड्यात हाडच ठरवेल."

घरी आल्यावर अक्कानं मला पलंगावर बसवलं, पाय उशीवर ठेवला आणि समोर उभी राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ती शिल्पा तुझा गुडघा दाबली अन् तू आईला हाक मारलास. तवापासून."

"आई जाऊन वीस वर्षं झाली."

"म्हणून तर."

"मग रोजच नाही फिरवलंस?"

"सकाळचा फिरवत होते. सकाळी तू दम धरतोस. बाकीच्या वक्ताला नुसता पाना लावायचे. टक् वाजवायचे अन् काढायचे."

"आणि मी तुझ्या हाताचं कौतुक करत होतो."

"ते ऐकून लई वंगाळ वाटायचं."

"डॉक्टर काय म्हणाले होते ते तू ऐकलं होतंस, अक्का."

"ऐकले. पण मला वाटलं, थोडं कमी फिरवलं तर काय बिघडतंय, पुढं सोडता येतंय की." ती मशीनकडं बघत बोलत होती. "कापड जास्त कापलं तर गेलं. आत दुमडून ठेवलं तर कवाबी सोडता येतं. लोकांची लेकरं वाढतात, पँट घेऊन येतात, मी उसवते, दोन बोटं सोडते. सगळी उमर तेच केले ना मी. म्हणलं आता ह्याला दुखायलंय तर थोडं आत ठेवू. कळ कमी झाली की सोडू."

"हे हाड आहे."

"आता कळलं की."

मी वर्गात आवाज न चढवता अपमान करू शकतो अशी माझी ख्याती आहे. तयारीही झाली होती. पण समोर अक्का उभी होती आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते. तिचे हात मी कधी रिकामे पाहिलेले नाहीत. मी तोंड भिंतीकडं केलं आणि झोपल्यासारखं केलं.

संध्याकाळी उज्वलाचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही नांदेडला या," ती म्हणाली. "मी रजा टाकते. अडीच तर अडीच. बुटात तेवढं भरून काढता येईल. पुन्हा तोडायचं मला ऐकवतही नाही. आणि अक्कांना काही बोलू नका."

"बोललो नाही."

"न बोलणं तुमचं बोलण्यापेक्षा वाईट असतं."

दुसऱ्या दिवशी अक्कानं माझे कपडे बॅगेत भरायला घेतले. शर्टांची घडी घालताना ती म्हणाली, "उज्वला बराबर म्हणायलीय. तिथं जा. माझ्या हातात पाना देण्यात मतलब न्हाई."

मला पाय आहे तेवढ्यावरच थांबवायचा की नाही हे ठरवायचं होतं, म्हणून मी वॉकर धरून उठलो आणि मोरीच्या आरशासमोर उभा राहिलो. दोन सेंटिमीटर काही कमी नाहीत. पूर्वी टाच हवेत राहायची, आता टेकल्यासारखी वाटत होती. शर्ट अंगावर सरळ बसला होता. कॉलर सरळ, खिसा सरळ.

"सरळ तर दिसतोय," मी म्हणालो. "पुरे झालं."

अक्का दारात आली.

"शर्ट काढ," ती म्हणाली.

"कशाला?"

"काढ म्हणते."

मी बटणं काढली. आरशात एक डावीकडं कललेला माणूस उघडाबंब उभा होता. डावा खांदा दोन बोटं खाली, बरगड्या एका बाजूला दाटलेल्या. घसरत चाललेल्या सामानासारखा. मी स्वतःला आंघोळीच्या घाईपलीकडं कधी नीट बघितलं नव्हतं.

"शर्ट बी मीच शिवते ना," अक्का म्हणाली. "डावा खांदा उतरता कापते. खिसा वर लावते. कॉलेजात गेलास तवापासून. बाजारचा शर्ट घालून बघ, कॉलर कानाला लागंल."

"कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात?"

मोरीत बादली गळत होती. आयुष्यभर मला वाटत होतं की माझा फक्त पाय आखूड आहे, बाकी मी ठीक आहे. एवढा मोठा गैरसमज मला एकट्याला करून घेता आला नसता.

"आत्ता थांबलास तर हे असंच राहणार," ती म्हणाली. मग हळूच, "अन् मी म्हातारी झाले. लई दिवस न्हाई कापणार."

मी डॉक्टरांना फोन लावला आणि पुन्हा तोडा म्हणून सांगितलं. मग उज्वलाला सांगितलं. ती रडली, रागावली आणि शनिवारी येते म्हणाली. अक्का बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवत होती.

"एक गोष्ट आहे," मी म्हणालो. "पाना तूच धरायचास."

"न्हाई."

"एकाच माणसाच्या हातात, डॉक्टर म्हणालेत."

"ते माणूस शहाणं असावं म्हणून म्हणालेत."

"तू धरायचास आणि मी बघणार. टॉवेल घेणार नाही."

"आनंदा, माझ्यानं व्हायचं न्हाई. तू वरडलास की माझा हात आपसूक थांबतो."

"मी ओरडणार. तू थांबायचं नाहीस. एवढंच काम आहे."

तिनं मान तिरकी केली.

हाड पुन्हा मोकळं केलं. काही दिवस विश्रांती. मग नट फिरवायचा दिवस आला. यावेळी तो पांढरा मांजरपाट तिनं घातलाच नव्हता. मी उशीला टेकून बसलो. तारांच्या बाजूची कातडी तिनं सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसली, पाना पहिल्या नटाला लावला आणि माझ्याकडं बघितलं.

"बघायलास ना?"

"बघतोय."

पाव फेरा. दुसरा नट, तिसरा, चौथा. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत पोटरी जागी झाली होती, आणि दिवे लागायच्या सुमाराला अक्का पाना घेऊन आली तेव्हा माझा सगळा भूगोल संपला होता.

"आज एवढा एक राहू दे," मी म्हणालो.

"गप बस."

"अक्का, उद्या दोन फिरव."

"उद्याचं उद्या." तिनं पाना लावला. पाना सरकत होता, दिसत होता.

"थांब. थांब, आई गं, थांब ना."

"आई न्हाई हितं. मी हाय." तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ओघळलं, तिनं ते दंडाला पुसलं, हात न हलवता. "पावणेदोन म्हणत होते तुला गाढवं. दोन हाय म्हणून सांगत होते मी सगळ्याला. गावभर खोटं बोलत आले. आता खरं कर."

मी तिला एक शिवी दिली. लहानपणी दिली असती तर दादांनी चाबकानं फोडलं असतं.

"दे अजून एक," अक्का म्हणाली, आणि दुसऱ्या नटाला पाना लावला.